बटूचं घोरणं

आमच्याकडे कुणी आलं आणि बटू झोपलेला असला, की गप्पांना त्याच्या घोरण्यापासूनच सुरुवात व्हायची. टीव्हीखालच्या गादीवर तो पसरलेला असे आणि त्या एवढ्याशा जिवातून थकल्याभागल्या म्हाताऱ्यासारखं घोरणं निघत असे. पाहुणे हसत, आम्हीही हसत असू. सईनं, माझ्या मुलीनं, तो आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवला होता आणि शाळेतल्या मैत्रिणींना ती तो ऐकवायची. अडीच वर्षं आम्ही त्या आवाजाला हसलो. आज कुणी पग घ्यायचा म्हणतं, तेव्हा मला सगळ्यात आधी ते हसणं आठवतं.

बटू पग होता. अकोल्यात तेव्हा पग म्हटलं तर निम्म्या लोकांना कळायचं नाही, 'हचवाला कुत्रा' म्हटलं की लगेच कळायचं. २००३ साली हच ह्या मोबाइल कंपनीची ती जाहिरात आली. एक लहान मुलगा जाईल तिथं त्याच्या मागे मागे जाणारा नकटा, सुरकुतलेल्या कपाळाचा कुत्रा. त्याचं नाव चिका. पुढे २००७ मध्ये हचची व्होडाफोन झाली, तरी लोकांच्या मनातून तो कुत्रा गेला नाही. परदेशी जातीचा कुत्रा महागड्या बंगल्यातच असतो, हा समज त्या जाहिरातीनं मोडला. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही मावेल आणि पोरांच्या मागे फिरेल असा कुत्रा लोकांना दिसला. आमच्या घरात पगचा हट्ट पोचायला २०१५ ची दिवाळी उजाडली. सई तेव्हा आठ वर्षांची होती.

आम्ही विचार न करता घेतला असं कुणी म्हणू नये. तिसऱ्या मजल्यावरचं घर, आम्ही दोघं नोकरीवर, घरी सासूबाई आणि एक लहान मूल. मोठा कुत्रा झेपणार नव्हता. पग सहा ते आठ किलोंचा, फारसा भुंकत नाही, सहसा चावत नाही, मुलांनी कितीही छळलं तरी चिडत नाही, तासन्‌तास पळवावा लागत नाही. यातलं एकही खोटं निघालं नाही. आजही मी म्हणेन की माणसाच्या सहवासासाठी इतका आसुसलेला प्राणी मी दुसरा पाहिला नाही. स्वयंपाकघरात गेलं तर तो ओट्याखाली, न्हाणीघरात गेलं तर दाराबाहेर. कुणी रडत असेल तर मांडीला डोकं टेकवून बसून राहायचा. पहिले आठ दिवस सासूबाई त्याला देवघराच्या उंबऱ्याजवळ फिरकू देत नव्हत्या. महिन्याभरात त्यांच्या पोळीतला पहिला घास त्याचा झाला, आणि तोही तुपात बुडवलेला.

आम्ही चुकलो ते पिल्लू निवडताना. गावाबाहेरचा एक माणूस पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन पिल्लं घेऊन आमच्या पार्किंगमध्ये आला. जेमतेम ३५ दिवसांची होती ती. १२,००० रुपयांना एक. आई कुठाय विचारलं तर म्हणाला, शेतावर आहे. तिघांतल्या एकाचं नाक थोडं पुढे आलेलं होतं, दुसऱ्याचं त्याहून कमी आणि तिसऱ्याचं तोंड तर बशीसारखं सपाट. "जेवढं नाक आत, तेवढी जात अस्सल," तो म्हणाला. आम्हालाही तो तिसराच सगळ्यात गोड वाटला. म्हणजे तिघांतला ज्याला श्वासाचा सगळ्यात जास्त त्रास होणार होता, तोच आम्ही हौसेनं उचलला.

खुणा पहिल्या वर्षापासून दिसत होत्या. झोपताना बटू हनुवटी कशावर तरी टेकवायचा. चप्पल, टीव्हीच्या स्टँडची कड, काहीही चालायचं त्याला. "उशीशिवाय झोप लागत नाही आमच्या साहेबांना," असं सासूबाई कौतुकानं सांगायच्या. कधी रबरी हाड तोंडात धरूनच झोपायचा. जेवल्यावर पांढरा फेस ओकायचा. एक जिना चढला की मधल्या वळणावर बसकण मारायचा आणि आम्ही त्याला आळशी म्हणायचो. एप्रिल लागला की न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरून उठायचा नाही. यातली एक एक गोष्ट आम्ही लाडानं चारचौघांत सांगत होतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही त्यात काही खटकलं नाही.

मग २०१८ चा मे आला. पारा ४५ ला टेकलेला. दुपारभर आम्ही बटूला कूलरसमोर ठेवलं. साडेसहाला उन्हं कलली, म्हणून सई त्याला खाली घेऊन गेली. सोसायटीतली पोरं चेंडू खेळत होती. बटू त्यांच्यामागे फार तर दहा मिनिटं धावला असेल. दिवसभर तापलेली फरशी अजून वाफा टाकत होती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सई ओरडतच वर आली, "आई, बटू उठत नाहीये."

मी खाली पोचले तेव्हा तो चारही पाय फाकवून पोटावर पडला होता. जीभ एरवीपेक्षा कितीतरी लांब बाहेर आलेली, टोकाशी पसरट झालेली आणि पिकल्या जांभळाच्या रंगाची. तोंडाला चिकट फेस. श्वास आत जाताना लाकडावर करवत चालावी तसा आवाज. डोळे उघडे होते, पण मला ओळखत नव्हते. गेटजवळच्या वाळूच्या ढिगाच्या सावलीत सोसायटीची काळी, आमची गावठी कुत्री, जीभ बाहेर काढून निवांत बसली होती. तीही पोरांमागे तेवढीच धावली होती.

पुढची वीस मिनिटं आम्ही एकामागून एक चुका केल्या. त्या मुद्दाम सांगते, कारण घाबरलेला माणूस नेमक्या ह्याच चुका करतो. आम्ही त्याच्याभोवती ओला टॉवेल घट्ट गुंडाळला. त्याच्या तोंडात पाणी ओतायला गेलो. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत त्याला घातलं आणि दवाखान्याकडे निघालो. टॉवेल दोन मिनिटांत गरम झाला आणि अंगाची उष्णता आतच कोंडली. गाडीची भट्टी झालेली होती. तोंडातलं पाणी श्वासनळीत गेलं नाही, ही नशिबाची गोष्ट. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला तर १०७ फॅरनहाइट. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ च्या आसपास असतं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा टॉवेल काढून फेकला. नळाचं साधं पाणी पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर ओतत राहिले आणि टेबलफॅन त्याच्या अंगावर सोडला. बर्फ आणू का, विचारलं तर नको म्हणाले. मग ऑक्सिजन, सलाइन. तापमान १०३.५ वर आल्यावर त्यांनी पाणी थांबवलं, कारण त्यानंतर ते आपोआप खाली घसरत राहतं. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "हे तुम्ही खाली पार्किंगमध्ये, नळाखाली करायला हवं होतं. आधी गार करायचं, मग आणायचं." हे वाक्य मी तेव्हापासून कितीजणांना सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही. कुठल्याही जातीच्या कुत्र्याला ऊन लागलं तरी क्रम हाच. सावलीत घ्या, नळाचं पाणी ओता, वारा घाला, दवाखान्यात फोन करा आणि मग निघा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका.

बटू चार दिवस दवाखान्यात होता. चौथ्या दिवशी तो सलाइनच्या नळीसकट माझ्या मांडीवर असताना डॉक्टरांनी त्याचं तोंड हळूच माझ्याकडे वळवलं. "ह्याच्या नाकाची भोकं दाखवा मला." मी पाहिलं. भोकं अशी नव्हतीच, दोन बारीक चिरा होत्या, स्वल्पविरामासारख्या. अडीच वर्षं ज्या तोंडाचे मी मुके घेतले, ते तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

त्यांनी मग जे समजावलं ते मला समजलं तसं सांगते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो, पण अंग गार होतं ते धापा टाकूनच. नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांवर ओलसर अस्तर असतं. हवा त्यावरून गेली की ओल उडते आणि आतलं रक्त निवतं. माठ झिरपून पाणी गार होतं, तेच हे. लांब नाकाच्या कुत्र्याकडे हा माठ मोठा असतो. पगच्या नाकाडाचं हाड पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत नेलं, पण आतलं मांस त्या मानानं कमी झालं नाही, ते त्याच एवढ्याशा जागेत कोंबलं गेलं. टाळूचा मागचा मऊ भाग लांबट होऊन श्वासनळीच्या तोंडावर लोंबतो आणि प्रत्येक श्वासाला फडफडतो. आम्ही ज्याला घोरणं म्हणत होतो, ती ही फडफड होती. हनुवटी चपलेवर टेकवली की गळा जरा मोकळा व्हायचा. रबरी हाड तोंडात असलं की तोंड उघडं राहायचं. त्या मुक्या जिवानं झोपेतही गुदमरू नये म्हणून स्वतःचे उपाय स्वतः शोधले होते, आणि आम्ही त्यांचं कौतुक करत बसलो होतो.

असा कुत्रा तापला की धापा टाकतो, धापा टाकायलाच त्याला इतकी ताकद लागते की त्या श्रमानं तो आणखी तापतो, आणि घशाची सूज वाढून वाट अजून अरुंद होते. म्हणून गावठी कुत्र्याला जे ऊन सोसतं, ते पगच्या जिवावर बेततं. त्यात आमचा बटू तेव्हा साडेअकरा किलोंचा. तुपातला घास, चकलीचा तुकडा, संध्याकाळची बिस्किटं. चरबी गळ्याभोवतीही साठते आणि तिथली जागा आणखी आवळते.

पावसाळ्यात नागपूरला त्याचं ऑपरेशन केलं. नाकपुड्या रुंद केल्या, टाळूचा लोंबणारा भाग कापून आखूड केला. त्याआधी दोन महिने त्याला मोजून खायला घातलं आणि वजन नऊ किलोंवर आणलं. भूल देण्याचा धोका ह्या कुत्र्यांना जास्त असतो, आणि खरी भीती शुद्धीवर येतानाची असते, हे आधीच सांगून आमच्या सह्या घेतल्या होत्या. घरी आल्यावर पहिल्या रात्री तो गादीवर झोपला, हनुवटी कशावरही न टेकवता. घरात आवाजच नव्हता. मी त्या रात्री दोनदा उठले आणि त्याच्या पोटावर हात ठेवून पाहिलं. दुसऱ्यांदा उठले तेव्हा सासूबाई तिथं आधीच बसलेल्या होत्या.

सगळ्याच पगना ऑपरेशन लागत नाही, आणि ऑपरेशननं सगळ्यांना सारखाच गुणही येत नाही. पण दुर्दैवी अपवाद म्हणून बटूकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं २०२२ मध्ये हजारो पगच्या दवाखान्यातल्या नोंदी इतर कुत्र्यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. वर्षभरात काही ना काही आजार होण्याचा संभव पगमध्ये जवळजवळ दुप्पट निघाला, आणि श्वासाच्या ह्या विकाराचा ५४ पट. नेदरलँड्समध्ये तर २०१९ पासून नियमच आहे की नाकाडाची लांबी कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल, तर त्या कुत्र्यापासून पैदास करायची नाही. आणि पग पहिल्यापासून असाच होता असंही नाही. विल्यम होगार्थ ह्या इंग्रज चित्रकारानं १७४५ मध्ये आपल्या पगसोबत स्वतःचं चित्र काढलं आहे. त्यातल्या कुत्र्याला चांगलं नाकाड आहे. माणसाला सपाट तोंड आवडत गेलं आणि पिढ्या जात गेल्या तसं ते सपाट होत गेलं. 'जेवढं नाक आत, तेवढी जात अस्सल' हे आमच्या पार्किंगमधलं वाक्य म्हणजे त्याच आवडीची विक्रीची भाषा.

तरीही कुणाला पगच हवा असेल, तर मी त्याला दटावत नाही. माझाच जीव त्या तोंडात अडकला होता. एवढंच सांगते, की पिल्लू पाहण्याआधी त्याची आई पाहा. आई दाखवत नसतील तर उठून या. आई चार पावलं भरभर चालल्यावर तिच्या श्वासाचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो का, बघा. पिल्लाच्या नाकपुड्या उघड्या, गोलसर हव्यात. झोपलेलं पिल्लूही बघा, कारण जागेपणी जे झाकलं जातं ते झोपेत कळतं. पिल्लांत ज्याचं नाक सगळ्यात पुढे असेल ते उचला, विकणारा त्याला कितीही कमअस्सल म्हणो. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी, आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागितल्यावर ज्याचा चेहरा बदलतो, त्याच्याशी व्यवहार नको. बटूला ३५ व्या दिवशी आईपासून तोडून आणलं, ह्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

घरात लहान मूल असेल तर डोळ्यांचं आधी सांगते. पगचे डोळे खोबणीत खोल बसलेले नसतात. कुशनचा कोपरा, मांजराचा पंजा, कुंडीतली काडी, कशानंही बुबुळाला जखम होते. मानेच्या कातडीला धरून जोरात ओढलं किंवा गळा आवळला तर डोळा खोबणीतून बाहेर यायचीही भीती असते. मुलं प्रेमानं गळ्यालाच मिठी मारतात. सईला आम्ही छातीखाली हात घालून उचलायला शिकवलं आणि गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस आणला. एक डोळा मिटून घेतला, पाणी गळायला लागलं, तर सकाळची वाट बघत बसू नये. नाकावरच्या घडीत घाण आणि ओल साठून कातडं सडतं, ते रोज मऊ कापडानं पुसून कोरडं करावं लागतं. सासूबाईंनी हे काम शेवटपर्यंत केलं, संध्याकाळच्या दिवेलागणीनंतर, न चुकता.

आणि आपला उन्हाळा. विदर्भ-मराठवाड्यात मार्च ते जून पगला पहाटे साडेपाचच्या आत आणि रात्री फरशी निवल्यावरच बाहेर काढायचं. हाताची पालथी बाजू जमिनीला लावून पाहायची, सात आकडे मोजेपर्यंत ठेववत नसेल तर त्याला उतरवायचं नाही. कूलर लावला तर खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा भरतो आणि दमट हवेत धापा टाकून अंग निवत नाही. कोकणात, मुंबईत पारा कमी असतो, पण दमटपणाचा त्रास तोच. उभ्या गाडीत एकटं ठेवणं तर पाच मिनिटंही नाही. लांबचा प्रवास, बदलीची नोकरी असेल तर आधीच विचार करा, कारण नकट्या कुत्र्यांना विमानानं न्यायला अनेक कंपन्या तयार नसतात.

खर्चाचं कुणी आधी बोलत नाही. आमच्या १२,००० च्या पिल्लावर त्या एका वर्षात त्याच्या कितीतरी पट गेले. आम्हाला ते कसंबसं जमलं. ज्यांना जमत नाही, त्यांचे पग तीन-चार वर्षांचे होऊन धापा टाकायला लागले की कुणाच्या तरी फार्महाऊसवर किंवा सरळ रस्त्यावर येतात. शहराशहरांतून अशा कुत्र्यांना सांभाळून नवं घर शोधून देणारी माणसं आहेत. पगचाच ओढा असेल तर त्यांच्याकडे जा. वाढ पूर्ण झालेला कुत्रा कसा श्वास घेतो ते समोर दिसतं, त्यात फसवणूक नाही, आणि एका जिवाला छप्पर मिळतं. ओढा नुसत्या छोट्या, मायाळू कुत्र्याचा असेल तर गेटवरची काळी आठवा. तिला दर वर्षी रेबीजची लस टोचून घेण्यापलीकडे आम्ही काहीच करत नव्हतो, आणि ह्या उन्हात तिचा श्वास कधी अडलेला मी पाहिला नाही.

बटू नंतर साडेसहा वर्षं जगला. जानेवारी २०२५ मध्ये, थंडीत, नऊ वर्षांचा होऊन गेला. ऑपरेशननंतरचा प्रत्येक उन्हाळा आम्ही त्याच्याबरोबर घरात कोंडून काढला आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

गेल्या महिन्यात माझ्या शाळेतल्या एक सहकारी मुलाला घेऊन घरी आल्या. मुलाला वाढदिवसाला पग हवा होता, नव्या सिनेमात पाहिलेला. मी बोलायला लागले तर त्यांना वाटलं, गेलेल्या कुत्र्याच्या आठवणीनं हिला भरून आलंय. मग सई आतून तिचा जुना मोबाइल घेऊन आली. तो आवाज तिनं कधी पुसला नव्हता. तिनं मुलाला तो नुसता ऐकवला, काही सांगितलं नाही. मुलगा थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "काकू, ह्याला कुणी धरून ठेवलंय का?"